हाडातला स्क्रू: राहणारा आणि विरघळणारा

पायात ‘रॉड टाकलेला’ माणूस आपल्याकडे प्रत्येक आळीत एखादा तरी सापडतो. हाड जुळतं, चालणं पूर्ववत होतं, आणि मग वर्षा-दीड वर्षाने प्रश्न उभा राहतो: काढायचा का? काढायचा म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा रजा. बरेच जण तो तसाच ठेवतात. टायटॅनियम आलं तरी अजूनही अनेकांच्या अंगात असतं ते स्टेनलेस स्टील.

तेही भांड्यांचं नव्हे. शस्त्रक्रियेतल्या ‘३१६ एल’ स्टीलमध्ये क्रोमियम १७ ते १९ टक्के, निकेल १३ ते १५ टक्के, शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम आणि अगदी नावापुरता कार्बन असतो. क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. शरीरातलं पाणी खारट, आणि स्क्रूच्या डोक्याखाली, प्लेटला चिकटलेल्या फटीत ऑक्सिजन कमी पोचतो. स्टील गंजलंच तर बहुधा तिथे.

स्टीलची खरी अडचण मात्र गंजाची नाही, ताठपणाची आहे. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक १९३ गिगापास्कलच्या आसपास, तर हाडाच्या कठीण कवचाचा १० ते ३०. दोघांना शेजारी बांधलं की भार स्टील उचलतं आणि हाड आयतं बसतं. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं. भार गेला की तालीम सोडलेल्या पहिलवानाच्या दंडासारखं ते ओसरू लागतं. प्लेट काढल्यावर स्क्रूच्या रिकाम्या भोकापाशी हाड पुन्हा मोडण्याची भीती असते, ती काही अंशी यामुळेच.

विरघळणारा स्क्रू असतो तो मॅग्नेशियमचा. या धातूचा गुणांक ४५, म्हणजे हाडाच्या बराच जवळ. घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, स्टीलची ८. मोटारी आणि विमानांच्या कारखानदारीत या हलकेपणाचं केवढं कौतुक! हाडातल्या काही ग्रॅमच्या स्क्रूला त्याचं फारसं मोल नाही. इथे या धातूचा वेगळाच गुण कामी येतो. कारखान्यात ज्याला दोष म्हणतात, तोच: तो पाण्यात टिकत नाही. पाण्याशी संयोग होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन सुटतो. शरीराला हा धातू परका नाही. प्रौढ माणसात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांतच.

पण एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं तर जवळजवळ एक लिटर हायड्रोजन तयार होतो. १९०७ मध्ये बेल्जियमच्या आल्बँ लांबोत यांनी मोडलेल्या पायावर मॅग्नेशियमची प्लेट बसवली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी ठोकली. आठ दिवसांत प्लेटचे तुकडे झाले, कातडीखाली वायू साचला. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते मॅग्नेशियम. लांबोत यांनी नकळत पेशंटच्या पायात बॅटरीच बसवली होती. धातूच्या आत अशुद्धी म्हणून राहिलेलं लोखंडही हेच करतं, त्यामुळे त्या काळचं मॅग्नेशियम पोलादी खिळे नसतानाही झपाट्याने झिजे. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि मॅग्नेशियम मागे पडलं.

ते परतलं शुद्धीकरणाच्या जोरावर. लोखंड, निकेल, तांबं अत्यल्प ठेवायचं, आणि यिट्रियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिसळून झिजण्याचा वेग आवरायचा. जर्मनीतल्या हॅनोवरच्या सिंटेलिक्स कंपनीच्या अशा स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात विक्रीची मान्यता मिळाली. त्यात मॅग्नेशियम ९० टक्क्यांहून अधिक असतं. पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड सरळ करणं, मनगटातली छोटी हाडं जोडणं, ही त्याची कामं.

मांडीच्या हाडाला मात्र तो चालायचा नाही. थंड अवस्थेत दाबून-ओढून कणखर केलेलं ३१६ एल स्टील ७०० मेगापास्कलच्या आसपास ताण घेऊनही मूळ आकारात परततं; मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची मजल साधारण १५० ते ३००. शिवाय स्टीलची ताकद वर्षभरानेही तीच राहते, मॅग्नेशियमची दर आठवड्याला थोडी घटते. हाड भरण्याचा वेग आणि स्क्रू झिजण्याचा वेग यांचा मेळ बसायला हवा, आणि जुळण्याचा वेग प्रत्येक हाडाचा, प्रत्येक वयाचा निराळा. म्हणून ‘आता स्टील गेलं’ असं कुणी सांगितलं तर मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

बसवतानाही हात जपून चालवावा लागतो. स्टीलचा स्क्रू जोर लावून पिळला तरी बहुधा सोसतो, मॅग्नेशियमचा जास्त पिळला तर डोक्यापाशी तुटतो. आणि पुढचे काही महिने एक्स-रेत त्याच्याभोवती काळसर वलय दिसतं. वायूमुळे आणि झिजण्यामुळे ते अपेक्षितच असतं, पण स्टील पाहायला सरावलेल्या नजरेला ती स्क्रू सैल झाल्याची किंवा पू धरल्याची खूण वाटते. म्हणून एक्स-रेच्या चिठ्ठीवर स्क्रू कशाचा आहे हे आधीच लिहून दिलेलं बरं.