शिकारीची रूपके : दोन परंपरा

■ नेदरलँड्स, १५६० : पीटर ब्रूगेलच्या ‘सशांची शिकार’ या शाईच्या रेखाटनात शिकारी सशांवर नेम धरतो, मागून भालेकरी त्याच्याच रोखाने येतो. ब्रूगेलने स्वतःच्या हाताने केलेले एकमेव एचिंग याच चित्राचे.

■ अजिंठा, लेणे १७ : पाचव्या शतकातील हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. पुढच्या दोन्ही जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, याच लेण्यात चितारल्या आहेत.

■ षड्दंत जातक : राणीच्या सांगण्यावरून व्याध हस्तिराजाचे सुळे आणायला जातो. हत्ती ते आपणहून देतो.

■ शरभ जातक : शिकारीत राजा खड्ड्यात पडतो, ज्याचा पाठलाग चालला होता, तो शरभच (हरणासारखा प्राणी) त्याला वाचवतो.

■ फरक : ब्रूगेलकडे शिकारीच सावज ठरतो, अजिंठ्यात सावज गुरू होते.