आजीचा ‘ळ’ आणि दोन ‘च’

मेलबर्नमधल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात सगळ्यांत अवघड अक्षर ‘ळ’. इंग्रजीत हा उच्चारच नाही, त्यामुळे ‘काळ’चा ‘काल’ होतो आणि पोळीची पोली. फळ्यावर अक्षर कितीही सुबक काढा, जीभ टाळ्याकडे कशी वळवायची ते फळा सांगत नाही. ‘च’ची तऱ्हा आणखी वेगळी. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांत अक्षर एकच, उच्चार दोन. लिपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

यावरचा उपाय आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीकडून उचलला. रणजितसिंह डिसले २००९ साली तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. त्याहून मोठी अडचण भाषेची: मुलींच्या घरी कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्याच भाषेत. डिसले गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं नव्याने बेतली आणि त्यांत क्यूआर कोड छापले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा पडद्यावर दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं त्यांनी जाहीर केलं.

आमच्याकडे घरात इंग्रजी शिरलेली, पुस्तक मराठी आणि शिक्षक सगळे हौशी. म्हणून आवाज आजी-आजोबांचे घेतले. वर्गातून थेट व्हिडिओ कॉल जमत नाही, कारण उन्हाळ्यात इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार. मग ते सवडीने वीसेक सेकंदांचं ध्वनिमुद्रण पाठवतात, आम्ही त्याचा कोड छापून मुलांच्या वहीत चिकटवतो. (कोणी करणार असाल तर फाइल सगळ्यांना उघडते ना, ते आधी तपासा. नाहीतर अर्धा वर्ग पासवर्डपाशी अडकतो.)

पालक सांगतात, “आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे.” शिकण्याच्या शैलींची ही वर्गवारी लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक, नील फ्लेमिंग, आपल्या शेजारच्या न्यूझीलंडचे. पण २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकतं याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला ते पटतं. ‘ळ’ प्रत्येकालाच ऐकावा लागतो, बघावा लागतो, गिरवावाही लागतो. एकदा शिक्का बसला की मूल नावडतं काम टाळायला मोकळं होतं.

वर्गातला एक दहा वर्षांचा मुलगा मराठी फडाफडा बोलायचा, वाचायला मात्र साफ नकार. “मी ऐकून शिकतो,” म्हणे. यंदा त्याच्या सांगलीच्या आजीला ऐकू येईनासं झालं. व्हिडिओ कॉलवर दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसत. आता तो मोठ्या अक्षरांत एकेक वाक्य लिहून कॅमेऱ्यासमोर धरतो. आजी वाचून तोंडी उत्तर देते. परवा त्याने ‘पोली’ लिहिलं. आजीने हसत हसत कागदावर हा एवढा ‘ळ’ काढून दाखवला.

‘ज्ञ’ आणि दोन्ही ‘च’ अजून आवाजाविना आहेत. हिंदीभाषक मित्रांमुळे मुलं ‘ज्ञ’ला ‘ग्य’ म्हणू लागली आहेत, तेव्हा तो आधी हवा. तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा म्हणून पाठवत असतील तर मंडळाकडे जरूर कळवा. वऱ्हाडी, मालवणी, कुठलाही हेल चालेल.