बिलिंग सॉफ्टवेअर मध्येच का अडकतं? ब्लॉकिंग आणि नॉन-ब्लॉकिंग, दुकानदाराच्या भाषेत



कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर पट्ट्यात संध्याकाळी काउंटरवर गर्दी होते. नेमकं तेव्हाच बिलिंग सॉफ्टवेअर अडकलं, तर दोन-चार गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेलीच म्हणून समजा. आपण नेटला नावं ठेवतो. पण नेट सगळ्यांचंच मधूनमधून जातं. नेट गेल्यावर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं, हा खरा प्रश्न आहे.

गिरणीतलं दळण

तुम्ही गिरणीत दळण टाकलं आणि पीठ मिळेपर्यंत तिथेच बसून राहिलात. हे झालं ब्लॉकिंग. सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणतं, "बँकेकडून उत्तर आलं की दे." उत्तर येईपर्यंत ते तिथेच थांबतं. नेटवर्क प्रोग्रॅमिंगमध्ये सहसा हीच पद्धत आपोआप लागू असते, आणि वेळेची मर्यादा घातली नसेल तर हे थांबणं कितीही लांबू शकतं. स्क्रीन सांभाळणारा भागच असा थांबला, की एकही बटण चालत नाही.

नॉन-ब्लॉकिंगमध्ये तुम्ही विचारता, "झालं का?" गिरणीवाला लगेच सांगतो, "नाही, नंतर या." तुम्ही तोवर बाजार करता. पण दर मिनिटाला चकरा मारल्या तर त्यातही वेळ जातोच. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'सिलेक्ट', 'ईपोल' अशा सोयी असतात. म्हणजे गिरणीवाल्याचा फोन येतो, "अमक्याचं दळण झालं, घेऊन जा." एकच माणूस शेकडो डबे सांभाळू शकतो. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न मांडला. एनजिनएक्ससारखे सर्व्हर पुढे याच वाटेने गेले.

डबा ठेवला म्हणजे दळण झालं नाही

इथे बरेच जण फसतात. सॉफ्टवेअरने डेटा "पाठवला" म्हणजे तो बँकेत पोचला असं नाही. तो आधी आपल्याच कॉम्प्युटरच्या बफरमध्ये जातो. बफर म्हणजे गिरणीचा ओटा. ओटा भरला असेल तर ब्लॉकिंगवाला जागा होईपर्यंत थांबतो. नॉन-ब्लॉकिंगवाल्याला मात्र "मावेल तेवढं ठेवा, बाकीचं नंतर आणा" असं उत्तर मिळतं. उरलेलं लक्षात ठेवून पुन्हा पाठवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ते विसरलं तर डेटा अर्धवट जातो. म्हणजे नॉन-ब्लॉकिंगने वेग मिळतो, पण हिशेब चोख ठेवावा लागतो.

यूपीआयचं 'पेंडिंग' असंच असतं. एनपीसीआयने २०१६ मध्ये यूपीआय आणलं. एका पेमेंटमागे गिऱ्हाईकाची बँक, एनपीसीआय आणि तुमची बँक असा प्रवास असतो. मधलं एखादं उत्तर अडकलं, की पैसे कापले गेले पण तुमच्याकडे निरोप नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, अशा दुकानातल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून 'पेंडिंग' म्हणजे 'जमा' नव्हे आणि 'फेल'ही नव्हे.

सॉफ्टवेअर घेताना तीन गोष्टी तपासा

१. डेमो चालू असताना राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढायला सांगा. वायफाय बंद करू नका, कारण ते बंद केलं की कॉम्प्युटरला लगेच कळतं आणि खरी परीक्षा होत नाही. आता दुसरं बिल बनतंय का बघा.

२. "उत्तर आलं नाही तर किती सेकंद थांबतं?" असं विचारा. आकडा सांगता आला पाहिजे.

३. अडकलेल्या व्यवहारांची वेगळी यादी दिसते का? आणि नेट आल्यावर तेच बिल दोनदा तर चढत नाही ना?

तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तरच ॲडव्हान्स द्या. सेल्समन "आमचं क्लाउडवर आहे" म्हणाला, तरी वायर काढून बघाच. गर्दीच्या वेळी काउंटर चालू राहणं, हाच आपला धंदा आहे.