कौसानीला जाऊ या, पण पाहुणीसारखं



बचतगटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. गटाला आठ-दहा वर्षं झाली, कर्जं फिटली, आता एकदा सगळ्याजणी मिळून कुठंतरी लांब जाऊ या. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, शिर्डी झाली. मग एखादी म्हणते, "हिमालय कधी बघायचा गं?" लगेच दुसरी म्हणते, "तिकडं जाऊन करायचं काय? नुसतं बघायलाच का एवढा खर्च?"

आज याच प्रश्नावर बोलायचं आहे. चारधामच्या गर्दीत न शिरता हिमालयातलं एक शांत, लहानसं गाव बघायला कसं जायचं, तिथं काय बघायचं आणि तिथं वागायचं कसं. गावाचं नाव कौसानी.

कळसूबाईपेक्षाही उंच

कौसानी उत्तराखंड राज्यात, बागेश्वर जिल्ह्यात आहे. त्या भागाला कुमाऊं म्हणतात. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या टोकाच्याही वर तिथं माणसं राहतात, शाळा भरते, बाजार भरतो. गाव डोंगराच्या धारेवर वसलेलं आहे. सकाळी उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं की बर्फाच्या शिखरांची रांगच समोर दिसते. तीन टोकांचा त्रिशूळ, पलीकडं पंचचूली आणि मध्ये ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी.

या नंदादेवीची गोष्ट आपल्याला ऐकायलाच हवी. तिथले लोक तिला देवी मानतात, पण त्याहून जास्त लेक मानतात. नंदा ही डोंगरातली माहेरवाशीण आणि तिचं सासर कैलासावर, महादेवाच्या घरी. भाद्रपदात नंदाष्टमीला अल्मोड्यात तिची जत्रा भरते. केळीच्या खांबापासून तिची मूर्ती करतात आणि पूजा झाली की वाजतगाजत विसर्जन करतात. शेजारच्या गढवाल भागात दर बारा वर्षांनी नंदेची राजजात निघते. चार शिंगांचा मेंढा पुढं चालतो आणि लेकीला सासरी पोचवायला लोक पायी थेट बर्फाच्या डोंगरापर्यंत जातात. निरोप देताना बायका रडतात. आता सांगा, आपल्याकडं त्याच दिवसांत काय असतं? गौरी माहेरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी आपण त्यांना जड मनानं निरोप देतो. एवढ्या लांबच्या मुलखात आपल्यासारखंच दुःख आणि आपल्यासारखाच सण आहे.

जायचं कसं, कधी

आधी दिल्ली गाठायची. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं सकाळी काठगोदामला पोचता येतं. काठगोदाम म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं स्टेशन. तिथून अल्मोड्यावरून कौसानी साधारण १४० किलोमीटर. एसटीसारख्या बस आहेत, शेअर जीप आहेत. अंतर ऐकून तीन तास धरू नका. घाटाचा रस्ता आहे, पाच-सहा तास लागतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं, खिडकीशी बसावं, पोट रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको. आवळासुपारी किंवा सुंठ जवळ ठेवावी. उंचीचा त्रास होईल का, असं बऱ्याचजणी विचारतात. तो त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, म्हणून कौसानीत त्याची धास्ती नको. पण दमा, बीपी, साखर असेल तर डॉक्टरांना विचारून निघा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. तिथं सपाट रस्ता कमीच. रात्री मे महिन्यातही स्वेटर लागतो.

आता महत्त्वाचं, कधी जायचं. आपल्याकडं सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून सगळेच मेमध्ये जातात. माझं म्हणणं, जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. पावसानं हवा धुऊन निघालेली असते, शिखरं लख्ख दिसतात. मे महिन्यात पुष्कळदा धुरकट असतं, जंगलात वणवे लागलेले असतात आणि चार दिवस राहूनही शिखर न दिसण्याची शक्यता असते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, तेव्हा जाऊच नये. ऑक्टोबरमध्ये जाण्याचं आणखी एक कारण आहे. ते पाण्याचं.

शांत गावाचं पाणी कोण वाहतं?

समोर एवढं बर्फ दिसतं, मग तिथं पाण्याला काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण बर्फ वितळून आलेलं पाणी खोल दऱ्यांतल्या मोठ्या नद्यांना मिळतं. धारेवरच्या गावाला त्याचा उपयोग नाही. ही गावं जगतात झऱ्यांवर. पावसाचं पाणी जंगलात मुरतं, खडकाच्या भेगांतून खाली उतरतं आणि उताराला कुठंतरी बाहेर येतं. तो झरा दगडानं बांधून घेतात, वर छप्पर करतात. त्याला नौला म्हणतात, आपल्या बारवेची धाकटी बहीणच म्हणा. दगडी तोंडातून धार पडते, त्याला म्हणतात धारा. नळाच्या योजना झाल्या आहेत, पण झरा आटला की नळही कोरडा पडतो.

गाव वर आणि पाणी खाली. म्हणजे भरलेला हंडा चढावानं न्यायचा. तो कोण नेतं, हे मी सांगायला नको. गवताचा भारा, सरपणाची मोळी, शेणखताची पाटी, सगळं बाईच्या डोक्यावर किंवा पाठीवर. घरातले पुरुष बरेचदा खाली मैदानात नोकरीला, नाहीतर फौजेत. घर चालतं मनीऑर्डरवर आणि बाईच्या कष्टावर. साताऱ्याच्या फौजींच्या घरातल्या आणि कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरातल्या मैत्रिणींना हे ऐकून आपलीच गोष्ट वाटेल.

झऱ्याला पाणी सगळ्यात कमी असतं मे-जूनमध्ये. आणि पाहुणे सगळ्यात जास्त येतात तेही मे-जूनमध्ये. हॉटेलातल्या गीझरखाली आपण ओतलेली तिसरी बादली कुठून तरी आलेली असते. शेवटी तो भार पडतो तो त्याच झऱ्यावर. ऑक्टोबरमध्ये झरे भरलेले असतात. तेव्हा गेलो तर आपल्याला शिखरं दिसतात आणि तिथल्या बाईचा हंडाही रिकामा राहत नाही.

सेवाग्रामहून कौसानीला

गांधीजी जून १९२९ मध्ये कौसानीला राहिले होते. 'अनासक्तियोग' या त्यांच्या गीतेवरच्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांनी तिथंच पुरी केली. ते राहिले ती जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. शिखरं बघायला सगळे तिथंच जमतात. हिंदीतले मोठे कवी सुमित्रानंदन पंत यांचाही जन्म याच गावचा, १९०० सालचा. त्यांचं घर बघता येतं. जवळच बैजनाथला नदीकाठी कत्यूरी राजांच्या काळातली दगडी देवळं आहेत, तिथली पार्वतीची मूर्ती पाहण्यासारखी आहे.

पण आपण बायका गेलो तर लक्ष्मी आश्रमाची गोष्ट समजून घ्यावी. कॅथरीन हाइलमन नावाच्या एक इंग्लंडच्या बाई १९३२ साली भारतात आल्या. पुढं आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींबरोबर काम करू लागल्या. त्यांचं नाव पडलं सरला बहन. तिथल्या उन्हानं आणि हिवतापानं त्यांची तब्येत ढासळली, तेव्हा त्या कुमाऊंच्या डोंगरात आल्या. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेल्या. घरातला पुरुष तुरुंगात गेल्यावर मागं राहिलेल्या बायकांच्या भेटीला त्या डोंगर तुडवत गावोगाव जात. या बाया एवढं ओझं वाहतात, पण त्यांना कुणी विचारत नाही, हे त्यांनी पाहिलं. म्हणून १९४६ साली त्यांनी कौसानीला मुलींसाठी लक्ष्मी आश्रम सुरू केला. शेती, गुरं, सूतकताई, स्वयंपाक आणि अभ्यास, सगळं एकत्र. मुलगी शाळेत गेली तर गवत कोण आणणार, असं आईबाप म्हणत. त्या काळात हे काम सोपं नव्हतं.

याच आश्रमात पुढं बसंती देवी आल्या. लहानपणी लग्न झालं, लहान वयातच नवरा गेला. आश्रमात त्या शिकल्या, बालवाड्यांचं काम केलं. कोसी नदी कौसानीजवळच्या डोंगरात उगम पावते. ती बर्फाची नदी नाही, झऱ्यांची नदी आहे. जंगलतोड अशीच चालली तर ही नदी आटेल, अशी बातमी बसंती देवींच्या वाचनात आली आणि त्या गावोगावच्या बायकांकडं गेल्या. आधी बायका ऐकेनात. चूल पेटवायला लाकूड तर लागतंच ना! पण हळूहळू त्यांना पटलं. तिथं दोन झाडं महत्त्वाची, बांज आणि चीड. बांजाच्या खाली पाल्याचा जाड थर साठतो, तो पाणी धरून ठेवतो. चीडाच्या सुया पडतात, त्यांना पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात त्या पेट्रोलसारख्या भडकतात. बायकांनी ठरवलं, ओलं झाड तोडायचं नाही, फक्त वाळकं सरपण आणायचं. आपलं जंगल आपणच राखायचं आणि वणवा लागला तर आपणच विझवायला धावायचं. गावागावांत महिला मंगल दल उभे राहिले. म्हणजे आपल्या गटांसारखेच गट. २०२२ साली बसंती देवींना पद्मश्री मिळाली.

म्हणून मी म्हणते, कौसानीला बघायचं ते नुसतं शिखर नाही. ती शांतता, ती सावली आणि तो झरा आपोआप राहिलेला नाही. बायकांनी तो राखलेला आहे.

पाहुणीनं काय सांभाळावं

पहिलं, पाणी. आंघोळ एका बादलीत. रोजचे कपडे रोज धुवायचे नाहीत, चार दिवसांचे घरी आणायचे. नळ सोडून दात घासायचे नाहीत.

दुसरं, कचरा. डोंगरातल्या गावात कचरा टाकला की तो उतारानं खाली जातो. आणि खाली काय असतं? नौला. म्हणून घरूनच स्टीलची बाटली आणि चिवड्याचे डबे न्या. पाण्याच्या बाटल्या, पुड्यांचे कागद मोठ्या शहरापर्यंत परत आणा. पाळीत कापडी घडी वापरता आली तर उत्तम. पॅड वापरलं तर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा, दरीत नाही आणि संडासात तर मुळीच नाही.

तिसरं, राहणं आणि खाणं. तिथं घरगुती राहण्याची सोय असते, तिला होमस्टे म्हणतात. शक्यतो तिथं राहा, म्हणजे पैसा त्या घरच्या बाईच्या हातात जातो. आणि तिथलंच मागा. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी. गहतची डाळ म्हणजे आपले हुलगे. झंगोरा आपल्या भगरीच्या जातीचा. भट नावाच्या काळ्या सोयाबीनचं कालवण मात्र तिथंच खावं. आपल्या पाटवडीची कृती सांगा, त्यांची कृती विचारून घ्या.

चौथं, फोटो. डोक्यावर भारा घेतलेली बाई दिसली की लोक मोबाईल काढतात. ती तिच्या कामावर निघालेली असते, देखावा नसते. तुमच्या खुरपणीच्या वेळी बांधावर कुणी अनोळखी माणूस फोटो काढत उभा राहिला तर कसं वाटेल? आधी "दीदी, नमस्ते" म्हणा. म्हाताऱ्या बाईला तिथं आमा म्हणतात, आईला ईजा. हिंदी मोडकंतोडकं चालतं, हसू आलं की बोलणं सुरू होतं. मग त्यांनी हो म्हटलं तरच फोटो.

पाचवं, घेण्याच्या वस्तू. बुरांस नावाच्या लाल फुलाचं सरबत, लोकरीची विणकाम, ऐपण काढलेल्या वस्तू. ऐपण म्हणजे गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेली रांगोळी. बायकांच्या गटाकडून घ्या आणि घासाघीस करताना आपण आपल्या पापडाच्या स्टॉलवर बसलो की काय वाटतं, ते आठवा.

पैसे कसे जमवायचे

एकदम रक्कम काढायला गेलं तर घरात वाद होतात. त्यापेक्षा गटाच्या बचतीला हात न लावता सहलीचा वेगळा हिशेब ठेवा. दर बैठकीला झेपेल तेवढी रक्कम, वेगळ्या वहीत, सगळ्यांच्या सह्यांनिशी. दीड-दोन वर्षांत तिकिटापुरतं साठतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तो दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. एखादी ऐनवेळी आली नाही तर तिचे पैसे कसे परत करायचे, हेही आधीच लिहून ठेवा. सहलीवरून गट मोडू नये.

राहिला पहिला प्रश्न, नुसतं बघायला का जायचं? आपण जन्मभर कुणाच्या तरी कामासाठी प्रवास करतो. लग्न, बाळंतपण, दवाखाना, नाहीतर नवस. बघण्यासाठी आणि समजून घेण्यासाठी बाईनं एकदा तरी निघावं. बसंती देवींच्या मंडळांनी जंगल राखलं, तसं आपल्या गावाच्या वरचं रान कोण राखतं, हा प्रश्न परत येताना बरोबर आणला तर सहलीचा खर्च वसूल झाला असं समजा. आणि जाणं नाही जमलं, तरी येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात पूर्वी किती झरे आणि विहिरी उन्हाळाभर पाणी देत होत्या, ते म्हाताऱ्या बायकांना विचारा आणि वहीत लिहून काढा. त्यातल्या एकीच्या तरी भोवतीची झाडं आपण राखू.

काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.