यीस्टचा बहार आणि कावीळ ‘ब’ची लस



पाव फुगवणारे आणि मळीपासून अल्कोहोल तयार करणारे यीस्ट तुमच्या परिचयाचे आहे. अशाच यीस्टकडून आज इन्शुलिन, कोंबडी-खाद्यातले फायटेज आणि कावीळ ‘ब’ची लसही करून घेतली जाते. हे कसे घडते ते पाहू.

प्रत्येक प्रथिनाची कृती जनुकात असते. पण नुसती कृती असून भागत नाही. विहिरीवर मोटर बसवली तरी स्टार्टर दाबल्याशिवाय पाणी येते का? जनुकाच्या आधी असलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रमोटर, हाच तो स्टार्टर. शास्त्रज्ञ यीस्टचा स्वतःचा प्रमोटर घेतात आणि त्याच्यापुढे हव्या त्या प्रथिनाचे जनुक जोडतात.

मग हा स्टार्टर कायम चालूच का ठेवत नाहीत? डाळिंब-मोसंबीवाल्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. झाड अंगाने भरण्याआधी फळे लादली तर झाड खचते. आधी झाड पोसायचे, ताण द्यायचा, मग पाणी सोडून बहार धरायचा. पिचिया नावाच्या यीस्टचेही तसेच, बरं का! टाकीत ग्लिसरॉल असेतो प्रमोटर बंद राहतो आणि पेशी नुसत्या वाढतात. ग्लिसरॉल संपले की मिथेनॉल थोडे थोडे सोडतात. ते पचवणाऱ्या एन्झाइमचा प्रमोटर फार जोरकस असतो. तो चालू झाला की त्याला जोडलेल्या जनुकाचे प्रथिन भराभर बनू लागते. पावाच्या यीस्टमध्ये हेच काम गॅलॅक्टोज साखरेने करता येते. शेवटी प्रथिन वेगळे काढून शुद्ध करतात.

कावीळ ‘ब’ची पहिली लस १९८१ साली आली, ती रोगवाहक माणसांच्या रक्तद्रवापासून बनत असे. यीस्टमधली लस अमेरिकेत १९८६ साली मंजूर झाली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली पिचिया वापरून स्वस्त देशी लस आणली. २०११ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात आहे.

‘लसीत विषाणू असतो, तान्ह्या पोराला कशाला टोचायची?’ असे काही घरांत म्हणतात. त्यांना सांगा, या लसीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे फक्त एक प्रथिन असते. त्याने कावीळ होऊच शकत नाही. उलट बाळंतपणात आईकडून लागण झालेल्या दर दहा बाळांपैकी सुमारे नऊ बाळांत हा रोग कायमचा मुरतो आणि पुढे यकृत निकामी होण्याची किंवा यकृताच्या कर्करोगाची भीती राहते.

म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यावा. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लसीतून मिळतात. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी गावातल्या प्रत्येक बाळंतपणानंतर, विशेषतः घरी झालेल्या, एवढे जरूर विचारावे: ‘पहिल्या दिवसाचा डोस मिळाला का?’ बहाराची वेळ हुकली तर पुढचा हंगाम असतो. या डोसाचे तसे नाही.