दगडातला पंख कोणाचा?

पहिला पाऊस पडून गेला, की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांची गर्दी होते. ही वाळवीची पाखरे. कोणी त्यांना उधईची पाखरे म्हणतात. त्या रात्री जेवायचे हाल होतात. ताटात पाखरू, पाण्यात पाखरू. सकाळी उठून पाहावे, तर पाखरे गेलेली असतात. अंगणात पंखांचा ढीग तेवढा पडलेला असतो. पालींनी, बेडकांनी, मुंग्यांनी पाखरांचे अंग खाल्ले. काही पाखरे पंख टाकून जमिनीत शिरली. पंख मात्र कोणी खाल्ले नाहीत. घरची बाई केरसुणीने ते गोळा करते आणि उकिरड्यावर टाकते.

आता येत्या पावसाळ्यात एक करा. टाकण्याआधी त्यातले दहा-वीस पंख उचला आणि पाटीवर मांडा. सगळे पंख जवळजवळ एकाच लांबीचे आहेत का? मग ते वाळवीचे. वाळवीच्या पाखराला चार पंख असतात आणि चारही सारखे असतात. मुंग्यांनाही पावसाळ्यात पंख फुटतात. पण मुंगीच्या पंखांची पुढची जोडी मोठी आणि मागची लहान असते. ढिगात दोन मापांचे पंख निघाले, तर ते मुंग्यांचे असावेत असे समजा.

बघा, पाखरू आपण पाहिले नाही. केरातल्या पंखावरून ते कोणाचे, हे सांगितले. विद्वान लोक हेच काम दगडावर करतात. दगडात एखादा पंख सापडतो. ज्याचा तो पंख, तो कीटक आज पृथ्वीवर नाही. त्याचा वंशच बुडाला आहे. तरी तो कोणत्या कुळातला होता, हे पंखावरून कळते. ते कसे कळते, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

आधी दगडात पंख गेला कसा, ते पाहू. आपल्या भागात बोड्या आणि तलाव पुष्कळ. उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढताना कडेची माती पाहा. थरावर थर दिसतात. दर पावसाळ्यात पाणी नवा गाळ आणते आणि तो जुन्या गाळावर बसतो. मधल्या थरात कुठे पान असते, कुठे शिंपला असतो. एखादा चतुर पाण्यावर मरून पडला, तर त्याचे अंग मासे खातात, उरलेले कुजते. पंख चिवट असतो. तो तरंगतो, भिजतो, मग तळाशी बसतो. त्यावर गाळ पडतो. अशी लाखो वर्षे गेली, वरून भार पडत राहिला, की गाळाचा दगड होतो. पंखाचा ठसा त्या दगडात राहतो. तो दगड फोडला तर तो पुस्तकासारखा उघडतो. एका पानावर ठसा आणि समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा. म्हणून जाणता माणूस दगडाचे दोन्ही तुकडे ठेवतो. नवखा माणूस एक ठेवतो आणि एक फेकतो. त्यात त्याचे मोठे नुकसान होते. ते कसे, हे पुढे येईल.

असे दगड आपल्या मुलखात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथली चुनखडी पंधरा कोटी वर्षांहून जुनी आहे. इंग्रजांच्या वेळी, १८५० नंतर, तिथल्या दगडातल्या माशांची वर्णने विलायतेत छापून आली. माशांचे चकचकीत खवले दगडात जसेच्या तसे होते. पुढे त्याच थरांत कीटकांचे अवशेषही मिळाले. नदीच्या पलीकडे, आताच्या तेलंगणाच्या बाजूला, याच जातीच्या खडकात एका अजस्र प्राण्याची हाडे सापडली. त्याला १९७५ साली बारापासॉरस हे नाव मिळाले. लोक अशी मोठी हाडे पाहायला धावतात. नखाएवढा पंख पाहायला कोणी जात नाही. आम्हाला मात्र पंखाचे नवल अधिक वाटते.

नागपूरकडे टाकळी नावाचे गाव होते. आता ते शहरातच आले. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटलंडचे पाद्री १८४५ साली नागपुरास आले. त्यांच्याच नावाचे कॉलेज तिथे आहे. त्यांना दगड गोळा करण्याचा फार नाद होता. त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर हेही त्याच नादाचे. नागपूरकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, म्हणजे जमिनीतून वर आलेला तप्त रस. त्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे जुन्या तळ्यांचा गाळ अडकून राहिला आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टाकळीच्या अशा थरात या दोघांना शिंपले, फळे, बिया आणि कीटकांचे पंख मिळाले. ते पंख त्यांनी विलायतेस पाठविले. अँड्र्यू मरे नावाच्या पंडितांनी ते तपासून १८६० साली त्यावर लेख छापला. एका पंखाच्या धन्याला त्यांनी लोमॅटस हिस्लॉपी असे नाव दिले. दुसऱ्याला मेरिस्टॉस हंटरी म्हटले. ज्यांनी दगड गोळा केला, त्यांची नावे अशी कीटकांच्या नावात राहिली. हिस्लॉप पुढे १८६३ साली नाल्याच्या पुरात बुडून वारले.

यांतला पहिला कीटक सोनपाखराच्या कुळातला मानला गेला. सोनपाखरू तुम्ही पाहिलेच असेल. हिरवे, चकचकीत. पोरे त्याच्या पायाला दोरा बांधून उडवतात. (बांधू नये, त्याचा पाय तुटतो.) त्याच्या पाठीवर दोन कठीण झाकणे असतात. ही झाकणे म्हणजे त्याचे पुढचे पंखच. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले असतात. टाकळीच्या दगडात मिळाली ती ही झाकणे.

आता ओळख कशी करतात, ते ऐका. ही या पाठातली मुख्य गोष्ट आहे.

चतुराचा गळून पडलेला पंख उजेडासमोर धरा. त्यात शिरांचे जाळे दिसेल. या शिरांनी पंख ताठ राहतो. काही शिरा जाड, त्यांना फाटे, फाट्यांना बारीक फाटे. कालव्याचे पाणी वावरात जाते, त्याची आठवण होते. आधी मोठा कालवा, मग पाट, मग सरी. कॉमस्टॉक आणि नीडम या दोन अमेरिकी पंडितांनी १८९८ च्या सुमारास पुष्कळ कीटकांचे पंख तपासले. त्यांनी दाखविले, की टोळ घ्या, माशी घ्या, फुलपाखरू घ्या, मूळ कालवे त्याच क्रमाने असतात. फाटे मात्र प्रत्येक कुळात निराळे. कुठे एक शीर दुभंगते, कुठे दोन शिरा एक होतात, कुठे एखादी नाहीशीच होते. त्यांनी मूळ शिरांना ठरावीक नावे दिली. तेव्हापासून देशोदेशीचे पंडित एकाच भाषेत बोलू लागले.

तुम्ही नुकतीच अक्षरे शिकलात, म्हणून अक्षराचेच उदाहरण देतो. कागदाचा फाटका तुकडा वाऱ्याने आला. त्यावर अर्धे अक्षर आहे. वर रेघ आहे, उभा दांडा आहे, डावीकडे पोटासारखा गोल आहे. हा 'व' असेल किंवा 'ब' असेल. गोलात तिरपी रेघ दिसली तर 'ब'. तिथेच कागद फाटला असेल, तर शहाणा माणूस म्हणेल, दोघांतला एक, नक्की सांगत नाही. पंखाचेही तसेच आहे. शिरा कुठे फुटतात, ती जागा दिसली पाहिजे. ती जागा तुटली असेल तर कूळ कळते, जात कळत नाही.

शिरांमध्ये चढउतारही असतो. एक शीर उंचवट्यावर, दुसरी खाचेत, जसा कागदाचा पंखा घड्या घालून केलेला असतो. दगडाच्या एका तुकड्यावर जी शीर उंच, ती समोरच्या तुकड्यावर खोल. एकच तुकडा हाती असेल, तर वरची बाजू कोणती, खालची कोणती, याचा घोटाळा होतो. दोन्ही तुकडे ठेवा, असे म्हणतात ते यासाठी.

फ्रान्समध्ये कोमांत्री येथे कोळशाच्या खाणीत एक मोठा पंख मिळाला. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाहूनही तो थोडा जुना, सुमारे तीस कोटी वर्षांचा. त्याच्या धन्याला १८८५ साली मेगान्यूरा हे नाव मिळाले. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फुटांहून जास्त. दिसायला चतुरच. पण आजच्या चतुराच्या पंखाला पुढच्या कडेवर मधोमध एक गाठ असते आणि टोकाजवळ एक रंगीत ठिपका असतो. मेगान्यूराच्या पंखात ती गाठ नाही आणि तो ठिपकाही नाही. म्हणून पंडित म्हणतात, हा चतुर नव्हे, चतुराचा दूरचा भाऊबंद. एवढा प्रचंड कीटक, पण त्याचे नाते ठरले एका गाठीवरून.

दगडात रंग बहुधा टिकत नाही. आरमोरीकडे कोसा पाळणारे आहेत, त्यांना हे लवकर समजेल. कोशाचे पाखरू हातात धरले, की बोटांना भुकटी लागते. ती भुकटी म्हणजेच रंग. ती गेली तरी शिरा राहतात. म्हणून पंडितांचा भरवसा रंगावर नाही, शिरांवर आहे.

मग टाकळीच्या झाकणांचे काय? त्यांत शिरांचे असे जाळे दिसत नाही. तिथे आकार पाहावा लागतो. झाकण किती लांब, किती रुंद, टोक कसे, पाठीवर खाचा किती, टोचे ओळीने आहेत की विखुरलेले. आजच्या सोनपाखरांच्या आणि भुंग्यांच्या झाकणांशी ते ताडून पाहावे लागते. हा पुरावा शिरांपेक्षा कच्चा. म्हणूनच अशी नावे पुन्हा पुन्हा तपासली जातात. नवे नाव देताना नियम असा, की ज्या दगडावरून नाव दिले, तो दगड संग्रहालयात जपून ठेवायचा. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याने तोच दगड पाहावा. तो दगड हरवला तर शंका तशीच राहते.

आणि दगड हरवतात. चुनखडी भट्टीत जाते, घराच्या पायात जाते, रस्त्याच्या खडीत जाते. पोटासाठी दगड फोडणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण दगड फुटताना आत पान, मासा, पंख असे काही दिसले, तर दोन्ही तुकडे कापडात बांधून ठेवावे. कोणत्या गावच्या कोणत्या बाजूला, किती खोल मिळाला, हे कागदावर लिहावे. आता आपल्याला लिहिता येते. मग तलाठी, गुरुजी किंवा वनरक्षक यांना दाखवावे. नागपुरास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, तिथपर्यंत बातमी जाईल असे करावे. जागा लिहिली नसेल, तर चांगल्यातला चांगला दगडही मुका होतो. तो कोणत्या थरातला, किती जुना, हे मग सांगता येत नाही.

आमचीही एक फजिती सांगतो. आम्ही शाळेत असताना एका पोराने नदीतून चपटा दगड आणला. त्यावर काळी नाजूक नक्षी होती, अगदी नेच्याच्या पानासारखी. आम्ही साऱ्या वर्गाला सांगितले, पाहा, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पान! पोराची छाती फुगली. पुढे दगडांतले जाणते एक गृहस्थ आले. त्यांनी भिंग लावले आणि म्हणाले, 'गुरुजी, पानाला मधली शीर असते. इथे कुठे आहे? ही नक्षी दगडाच्या भेगेत झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजाची आहे.' आम्ही पाहिले. शीर नव्हतीच. नक्षी दगडाच्या कडेपासून आत पसरली होती, पाणी पसरते तशी. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून आम्ही चूक सांगितली. पोरगा खट्टू झाला. मग त्याने विचारले, 'गुरुजी, मग खऱ्याची शीर कशी असते?' आम्ही त्याला वडाचे पान आणायला पाठविले.

तो दगड अजून आमच्या कपाटात आहे. त्यावर चिठ्ठी चिकटविली आहे: 'पान नव्हे.' खाली नदीचे आणि घाटाचे नाव लिहिले आहे.