जुन्या तीनचाकी शेतवाहनाचे सुटे भाग कसे मिळवावेत

माळरान, वाळू अथवा बर्फ यांवरून चालू शकणारे होंडा कंपनीचे तीनचाकी वाहन १९७० साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आले. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो. त्या दिवसांत विकता येईल असे एखादे यंत्र द्यावे, या तेथील विक्रेत्यांच्या मागणीतून त्याचा जन्म झाला. ओसामू ताकेउची या अभियंत्याने आखलेल्या या वाहनास पुढे एक व मागे दोन असे फुगीर टायर होते. प्रारंभी त्यास ‘यूएस ९०’ व पुढे ‘एटीसी ९०’ असे नाव पडले. करमणुकीसाठी आलेले हे वाहन लवकरच शेतावर रुळले. कुंपणाची पाहणी करणे, गुरांपर्यंत चारा पोचविणे अशा कामांस ते सोयीचे होते. १९८२ सालच्या ‘बिग रेड’ नमुन्यास तर पुढे व मागे सामान ठेवण्याच्या चौकटी आणि विजेने इंजिन सुरू करण्याची सोय होती.

तथापि ही वाहने उलटून अपघात फार होऊ लागले. १९८८ साली अमेरिकी शासन व उत्पादक कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने तेथे नव्या तीनचाकींच्या आयातीस व विक्रीसही बंदी घातली. जुनी वाहने मात्र उरली, आणि ती पुन्हा चालती करण्याची हौस व गरज असणारे लोकही उरले. अशा वाहनाचे भाग ते कसे मिळवितात, हे आपल्याकडील शेतकरी बंधूंनीही पाहण्यासारखे आहे. हे वाहन आपल्या शिवारात सहसा दिसत नाही, हे खरे. परंतु कोकणातील भातखाचरात चालणारा जुना पॉवर टिलर किंवा विहिरीवरील जुने इंजिन बंद पडले म्हणजे अडचण हीच असते.

प्रथम क्रमांक, मग बाजार

अनुभवी माणूस भाग शोधण्यापूर्वी सांगाड्यावर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक पुसून, वाचून, लिहून घेतो. टाकीवरील नावावर तो विसंबत नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षांत टाकी बदललेली असण्याचा संभव असतो. या क्रमांकांवरून वर्ष व नमुना ठरतो आणि त्या नमुन्याच्या भागांची सचित्र यादी पाहता येते.

या कंपनीच्या भागांचा क्रमांक सर्वसाधारणपणे तीन गटांत असतो. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात. उदाहरणार्थ १३१०१ म्हणजे मूळ मापाचा पिस्टन व १२२५१ म्हणजे सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट. मधले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या नमुन्यासाठी केला ते दाखवितात. खरी किल्ली या मधल्या आकड्यांत आहे. तीनचाकीच्या यादीत दुसऱ्याच एखाद्या मोटारसायकलीचा आकडा आढळला, तर तो भाग त्या मोटारसायकलीच्या दुकानात मिळण्याची आशा धरता येते. कित्येकदा कंपनी जुना क्रमांक रद्द करून त्याच भागास नवा देते. म्हणून ‘हा क्रमांक बंद झाला’ एवढ्या उत्तरावर परत न फिरता त्याजागी नवा कोणता आला, हेही विचारावे.

इंजिनाची भावंडे

एटीसी ९० चे आडव्या सिलिंडरचे इंजिन त्याच कंपनीच्या लहान मोटारसायकलींच्या इंजिनांच्या कुळातील आहे. १९७९ साली आलेल्या एटीसी ११० च्या सिलिंडरचा व्यास ५२ मिलिमीटर व पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर आहे. सीटी ११० या मोटारसायकलीची मापेही तीच. ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने ही मोटारसायकल अनेक वर्षे वापरली. हजारो गाड्या रोज रस्त्यावर असल्या म्हणजे त्यांचे भाग तयार करणारेही टिकून राहतात, आणि त्याचा लाभ या विस्मृत तीनचाकीस मिळतो. अर्थात कुळ एक म्हणून प्रत्येक भाग बसेलच असे नाही. जुना व नवा शेजारी ठेवून मोजल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सिलिंडर झिजला असल्यास तो कातून ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिलिमीटरने मोठा पिस्टन बसविण्याची रीत आहे. मात्र पिस्टन हाती आल्यावाचून सिलिंडर कातून घेऊ नये. कातलेल्या मापाचा पिस्टन बाजारात नसला, तर ते काम वाया जाते.

मापावरून मिळणारे भाग

बेअरिंग, ऑइल सील व साखळी यांसाठी मूळ कंपनीच्या दारात जाण्याचे कारण बहुधा पडत नाही. बेअरिंगच्या कडेवर ६२०४ असे आकडे असल्यास शेवटच्या दोन आकड्यांस पाचाने गुणावे. आतील व्यास २० मिलिमीटर येतो. ६२०५ चा २५ येतो. (६२०३ यास हा नियम लागू नाही, त्याचा व्यास १७ असतो.) हेच बेअरिंग तालुक्याच्या गावी पंपाच्या दुकानातही मिळते. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी अशी तीन मापे असतात. साखळीवरील ४२० अथवा ५२० या संख्येतील पहिला आकडा, दोन पिनांतील अंतर इंचाचे किती अष्टमांश आहे ते दाखवितो. टायरवर २२×११-८ असे लिहिलेले असल्यास उंची २२ इंच, रुंदी ११ इंच व रिम ८ इंच समजावी.

दुर्मिळ असतात ते मडगार्ड, बैठक, टाकी व धुराड्याची नळी यांसारखे भाग. त्यांस दुसऱ्या यंत्राचे भाग लागत नाहीत. यासाठी बंद पडलेल्या दुकानांतील न विकला गेलेला माल, भंगाराचे अड्डे आणि हौशी मंडळींच्या ओळखी हेच मार्ग आहेत. पुष्कळदा त्याच नमुन्याचे दुसरे मोडके वाहन संपूर्ण विकत घेणे स्वस्त पडते. जुनी पेट्रोल टाकी मात्र, ती रिकामी दिसली तरी, तशीच वेल्डिंगला देऊ नये. आत साठलेल्या वाफेचा स्फोट होतो.

काटकसर कोठे करू नये

रंग उडालेले मडगार्ड चालेल. झिजलेली ब्रेकची पट्टी चालणार नाही. ब्रेक शू, ब्रेकची तार, पुढचा फाटा, मागील धुरा व त्याचे नट यांत तडा, गंज वा झीज आढळल्यास तो भाग बदलावा, मग त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी हरकत नाही. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

याचे कारण वाहनाच्या रचनेतच आहे. बैलगाडीची दोन चाके वळणावर आपापल्या गतीने फिरतात. या तीनचाकीची मागील दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर घट्ट बसविलेली असल्याने ती एकाच गतीने फिरतात. त्यामुळे वळताना चालकास आपला भार हलवून आतील चाक हलके करावे लागते. तसे न केल्यास वाहन सरळच जाते, आणि घाईने हँडल वळविल्यास उलटते. कितीही नवे भाग बसविले तरी हा दोष जात नाही. म्हणून सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती हे वाहन देऊ नये, आणि मोठ्यांनीही शिरस्त्राणाशिवाय त्यावर बसू नये.

सुरुवातीच्या नमुन्यांस स्प्रिंगा नव्हत्या; धक्का सोसण्याचे काम टायरच करीत. त्यांतील हवेचा दाब सुमारे २ पौंड एवढाच ठेवावयाचा असतो. मोटारीच्या टायरसाठी वापरले जाणारे नेहमीचे दाबमापक इतका अल्प दाब बरोबर दाखवीत नाही. त्यासाठी कमी दाबाचे वेगळे मापक मिळते. भागांच्या यादीत तेही लिहून ठेवावे आणि दोन्ही मागील टायरांत दाब समान असल्याची खात्री झाल्यावरच वाहन मैदानात काढावे.